न बोलता आणायचे पाणी

ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी आईच्या स्वयंपाकघरात चौघे जमले. आईच्या खुर्चीवर कोणी बसायचे हा प्रश्न तसा कोणी काढला नाही, पण चौघेही क्षणभर टेबलाभोवती उभेच राहिले. मग फ्रित्सोमामाने अंड्यांची टोपली उचलली आणि त्या खुर्चीवर ठेवून दिली. प्रश्न मिटला.

युडिताला बरे वाटले. ऑक्टोबरात आई गेल्यापासून या घरातले असले प्रश्न मामाच मिटवत आला होता, आणि तेही काही न बोलता, एखादी वस्तू कुठेतरी ठेवून. दारामागच्या ज्या खुंटीला आईचा कोट असायचा तिथे आता त्याची टोपी होती.

टेबलाच्या एका टोकाला मेणबत्ती जळत होती. तिच्यावर वाकवलेल्या चमच्यात मेण वितळत होते आणि गेर्टामावशी, आईची धाकटी बहीण, टोकाशी त्रिकोणी कापलेले हंसाचे पीस त्यात बुडवून अंड्यावर टेकवत होती. एक टेकवणे, एक त्रिकोण. दरवर्षी हे काम दोघी बहिणी समोरासमोर बसून करायच्या. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला युडिताचा लॅपटॉप होता आणि मधे उकडलेले बटाटे, चक्का, जवसाच्या तेलाची बाटली.

“लाव एकदाचं,” मामा म्हणाला. “बटाटे गार व्हायच्या आत बघून टाकू.”

युडिताने आपल्या चित्रपटातले शेवटचे दृश्य लावले. तिने ते इतक्या वेळा पाहिले होते की आता ती पडद्याकडे न बघता बाकीच्यांकडे बघत राहिली.

पहाटेचे धुके. ओढ्याकाठची काळी झाडे. निळा घागरा नेसलेली, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली आई हातात मातीची सुरई घेऊन काठ चढून वर येते. सुरई भरलेली आहे, ती एका हाताने खालून सांभाळते आहे. ती चालत जवळ येते, थांबते, मान डावीकडे वळवते, तिचे ओठ हलतात. मग ती पुन्हा समोर बघते आणि चालत निघून जाते. आवाज काहीच नाही. पाण्याचा नाही, पावलांचा नाही.

“पुन्हा लाव,” युडिताचा थोरला भाऊ तोर्स्टेन म्हणाला.

तिने पुन्हा लावले. मावशीने पाहिले नाही. तिचे पीस मेणातून अंड्याकडे जात-येत राहिले.

“काढून टाक हे,” मामा म्हणाला.

तो असे म्हणणार हे युडिताला माहीत होते. तो हे का म्हणणार हेही माहीत होते. ईस्टरच्या पहाटे सूर्य उगवायच्या आत ओढ्याचे पाणी आणायचे ते तोंडातून अवाक्षर न काढता. जाताना नाही, येताना तर नाहीच. तसे आणलेले पाणी वर्षभर नासत नाही, आजाऱ्याला लावले तर गुण येतो. वाटेत एक शब्द जरी बोलला गेला तरी ते नुसते बडबडे पाणी, त्याने भांडीसुद्धा घासू नयेत. ओढ्याकाठच्या या सगळ्या वाड्यावस्त्यांवर शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होते. आणि युडिताच्या चित्रपटाचा सगळा शेवट त्या पाण्यावर उभा होता: कोळशाच्या खाणीसाठी गाव उठायला आले आहे, अर्धी घरे रिकामी झाली आहेत, आणि एक म्हातारी अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्यासाठी शेवटचे पाणी घेऊन घरी येते.

“सबंध सिनेमाभर ती बाई पाण्याची वाट बघते,” मामा म्हणाला, “आणि शेवटाला तोंड उघडून घालवते. कोपऱ्यावरच्या खानावळीत लावणार ना तू हा सिनेमा? पहिल्या रांगेत सगळ्या म्हाताऱ्या असणार. त्या काय म्हणतील सांगू? तुझ्या आईचं नाव घेऊन म्हणतील, लेनाला एवढंसुद्धा कळलं नाही होय.”

“म्हाताऱ्या म्हाताऱ्या काय, मामा,” तोर्स्टेन म्हणाला. “सिनेमा बाहेर जाणार आहे. बाहेर कोणाला कळतंय पाणी बोलून आणायचं की गाऊन?”

“आम्हाला कळतं.”

“तुम्ही उरलात किती?”

तोर्स्टेनला ते वाक्य संपायच्या आतच परत घ्यावेसे वाटले असणार. तो लाइपझिगला पूल बांधायच्या कंपनीत होता, भला माणूस होता, आणि आईच्या आजारपणात दर शनिवारी गाडी हाकत येत होता. पण ही सोर्बी भाषा, इथल्या मूठभर स्लाव्ह लोकांची, त्याला येत नव्हती. मामाने बटाट्यावर जवसाचे तेल ओतले, जरा जास्तच ओतले, आणि म्हणाला, “जेवढे आहोत तेवढ्यांत मी अस्वल आहे, एवढं लक्षात ठेव.”

तेव्हा मावशीसुद्धा हसली. टीव्हीवरच्या सोर्बी कार्यक्रमात लहान मुलांची कार्टून्स लागायची आणि त्यांना आवाज द्यायला माणसे मिळायची नाहीत. या भाषेत नट कमी आणि भूमिका फार. म्हणून सुतारकाम करणारा मामा गेली कित्येक वर्षे अस्वलाचा आवाज काढत होता, शिवाय राजाचा आणि एका बोलणाऱ्या ट्रॅक्टरचाही. बाजारात पोरे त्याला अस्वल म्हणूनच हाक मारत.

आई चित्रपटात आली तीही अशीच, माणसे मिळेनात म्हणून. आधी बाउत्सेनची एक नटी ठरली होती. चांगली होती, पण तिची भाषा वरच्या मुलखाची. तिने पहिलाच संवाद म्हटला तेव्हा मामा म्हणाला होता की ही आमच्या गावची सून असेल, आमच्या गावची म्हातारी नाही. मग आईने चहाचा पेला खाली ठेवला आणि जिन्यावर उभ्या असलेल्या युडिताला जर्मनमध्ये विचारले, “किती बोलायचं असतं त्यात?”

जर्मनमध्ये. युडिताशी आई जर्मनच बोलायची. आई आणि बाबा आपसात सोर्बी बोलत, आई मावशीशी, मामाशी, शेजाऱ्यांशी, कोंबड्यांशी सोर्बी बोले. पण स्वयंपाकघराचे दार उघडून मुले आत आली की सगळ्यांचीच भाषा थांबायची, दिवा मालवावा तशी, आणि दुसरी लागायची. शाळेत आपल्याला जे ऐकून घ्यावे लागले ते मुलांना लागू नये, एवढेच तिचे म्हणणे होते, आणि तेही तिने एकदाच सांगितले होते. युडिताने पुढे मोठेपणी, परक्या लोकांकडून, वर्गात बसून ही भाषा शिकून घेतली. पहिल्यांदा घरी येऊन ती आईशी सोर्बी बोलली तेव्हा आईने हातातला कांदा चिरता चिरता लक्ष देऊन ऐकले, आणि उत्तर जर्मनमध्ये दिले. त्यानंतर वीस वर्षे तसेच चालले होते. मुलगी एका भाषेत विचारी, आई दुसऱ्या भाषेत सांगे. चित्रीकरणातही तेच. कॅमेरा चालू असला की आई मामाशी इतकी सुरेख सोर्बी बोले की ध्वनिमुद्रण करणारा मुलगा कानावरचा हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरी. कॅमेरा थांबला की ती युडिताकडे वळून जर्मनमध्ये म्हणे, “झालं ना? आता काहीतरी खाऊन घे.”

म्हणून त्या हलणाऱ्या ओठांनी युडिताला हिवाळाभर झोप दिली नव्हती.

त्या पहाटे ती ओढ्याच्या पलीकडच्या बाजूला होती, डोक्यावरून काळे कापड घेऊन, कॅमेऱ्याचे चित्र दाखवणाऱ्या छोट्या पडद्यात बघत. दृश्य मुके होते, म्हणून ध्वनिमुद्रण करणाऱ्याला तिने खाली बांधाजवळ पक्ष्यांचे आवाज घ्यायला पाठवले होते. आई जरा थांबली एवढेच तिला तेव्हा दिसले होते, आणि ते थांबणे तिला आवडले होते. ओठ दिसले ते जानेवारीत, संकलनाला बसल्यावर. तोवर विचारायला आई नव्हती. आईपासून चार हातांवर झाडाआड उभी होती ती फक्त मावशी, आईचा कोट आणि चहाचा थर्मास घेऊन. युडिताने तिला लगेच विचारले, वाढदिवसाला विचारले, परवा फोनवर विचारले. प्रत्येक वेळी मावशी म्हणाली की त्या बाजूच्या कानाने मला ऐकू येत नाही.

आता ईस्टर झाला की चित्रपट कॉटबुसच्या स्टुडिओत जाणार होता. तिथे सगळे आवाज एकत्र बसवले जाणार. एकदा बसले की बसले.

“माझं ऐक,” तोर्स्टेन बटाटा सोलत म्हणाला. “आवाज नाहीच आहे ना? मग आपल्याला हवं ते घालता येईल. तिने निरोप घेतला असं समजू. काहीतरी चांगलं. शेवटचं दृश्य आहे, शेवटचं वर्ष होतं. मुलांना, गावाला, भाषेला, काय असेल ते. खाली जर्मन अक्षरं येतीलच.”

“पण पाणी?” मामाने विचारले.

“पाणी, पाणी. प्रार्थना म्हटली तर?”

मामाचा काटा हवेत थांबला. युडिताला त्याच्या चेहऱ्यावर बदल होताना दिसला. मघापासून भाच्याच्या विरुद्ध असलेला मामा हळूहळू खुर्ची सरकवत त्याच्या बाजूला गेला, नुसता मनाने नव्हे, खरोखरच सरकला.

“प्रार्थना म्हणजे बोलणं नव्हे,” तो म्हणाला. “प्रार्थनेने पाणी बिघडत नाही. देवाशी बोललेलं मोजत नाहीत.”

“कोणी सांगितलं?” मावशीने पहिल्यांदाच तोंड उघडले.

“मी सांगतो. पास्टरला विचार हवं तर.”

“लेना रस्त्यात उभी राहून कधी प्रार्थना करायची?”

“सिनेमातली बाई करते, गेर्टा. लेना नव्हे, सिनेमातली बाई.”

मग दोघांनी मिळून वाक्य तयार केले. तोर्स्टेन जर्मनमध्ये सुचवी, मामा सोर्बीत वळवी, जिभेवर घोळवून बघे आणि पुन्हा मोडे. देवा, हे पाणी घरापर्यंत जाऊ दे, घर असेपर्यंत. युडिताला ते वाक्य वाईट वाटले नाही. तेच तिला टोचले. एखाद्या परक्या चित्रपटात ऐकले असते तर तिच्या डोळ्यांत पाणी आले असते.

“म्हणणार कोण?” तिने विचारले, जरी उत्तर सगळ्यांनाच माहीत होते. आई आणि मावशी यांचे आवाज इतके सारखे की बाबा होते तेव्हा तेसुद्धा फोनवर फसत. एकदा ते चांगले पाच मिनिटे मेव्हणीवर रागावले होते, आणि तिने ते ऐकून घेतले होते.

युडिताला वाटले मावशी नाही म्हणेल. मावशीने ते अंडे संपवले, उजेडात फिरवून पाहिले, बोळक्यात ठेवले आणि मेणबत्ती फुंकली.

“आण तुझा माईक,” ती म्हणाली. “पण त्यानंतर मला पुन्हा विचारायचं नाही. कबूल?”

युडिताने मान हलवली.

घरात आवाज घ्यायला सर्वांत चांगली जागा आईची झोपायची खोली होती. पिसांच्या गाद्या, लोकरीचे गालिचे, भिंतीच्या कडेने टांगलेले आईचे जाड घागरे. तिथे आवाज कुठे आपटत नसे. चित्रपटातले अर्धे संवाद इथेच पुन्हा घेतले होते, आई पलंगाच्या कडेला बसून आणि युडिता कपाटाच्या उघड्या दारात. आता तिथे मावशी बसली. पाय जमिनीला टेकवून, हात मांडीवर, अगदी तशीच. युडिताने लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला, हेडफोन लावले आणि दार लोटून घेतले.

मावशीने मामाचे वाक्य म्हटले.

ऐकायला काय येणार हे युडिताला माहीत होते, तरी मुद्रण थांबवायचे ती विसरली. भिंत पातळ होती. स्वयंपाकघरात खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, मग बाहेरचे दार वाजले, आणि जरा वेळाने अंगणातून कुऱ्हाडीचे घाव ऐकू येऊ लागले. एप्रिलात लाकडे कोणाला हवी होती? तोर्स्टेन आईला मातीत ठेवतानाही रडला नव्हता.

“झालं?” मावशीने विचारले.

“वाक्य लांब आहे. तिचे ओठ आधीच मिटतात.”

“मग छोटं कर.”

युडिताने ‘घर असेपर्यंत’ काढून टाकले. मावशीने पुन्हा म्हटले. आता वाक्य संपले तरी पडद्यावर आईचे तोंड उघडेच होते. मग शब्द मागेपुढे केले, तेव्हा सुरुवात जमली आणि मधले बिघडले, कारण मधे आईचे ओठ एकदा घट्ट मिटत होते आणि मामाच्या प्रार्थनेत त्या जागी मिटायला काही नव्हते. आई वर येत होती, थांबत होती, मान वळवत होती. पुन्हा. अंगणातले घाव थांबायच्या बेतात होते आणि पुन्हा सुरू होत होते. आई वर येत होती. मावशी पडद्याकडे बघत होती, हिवाळाभर टाळले ते आता टाळता येत नव्हते. कितव्यांदा कोण जाणे आईने मान डावीकडे वळवली, आणि मावशीने तिच्याबरोबर, तिच्यासारखीच किंचित मान वळवून, हलक्या आवाजात जर्मनमध्ये म्हटले:

“पाय भिजलेत बघ तुझे. पाण्यातून बाहेर ये.”

झाकण भांड्यावर बसावे तसे ते ओठांवर बसले. जिथे तोंड उघडत होते तिथे उघडले, जिथे मिटत होते तिथे मिटले. आई समोर बघून चालू लागली.

युडिताने हेडफोन काढला. घागऱ्यांना आईच्या कपाटातला वाळ्यासारखा एक वास होता, तो मधूनच येत होता.

“तुला ऐकू येतं त्या कानाने,” ती म्हणाली.

“दोन्ही कानांनी येतं.”

तेव्हा तिला ती पहाट पायांपासून आठवली. आपण कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून ती ओढ्यात उतरून उभी होती, बुटांत पाणी शिरले होते, आणि डोक्यावर कापड असल्यामुळे आणि कामाच्या भरात ते तिला दुपारपर्यंत कळले नव्हते. घरी आल्यावर आईने एक शब्द न बोलता लोकरीचे मोजे चुलीच्या दांडीवर टाकून गरम केले होते आणि तिच्या मांडीवर आणून टाकले होते. तिला तेव्हा वाटले होते, आईला बरोबर कसे कळले.

“एवढंच होतं,” ती म्हणाली. “मग सांगितलं का नाहीस? मी काय काय समजत बसले होते.”

मावशीने पलंगपोसाची कड सरळ केली. “ते पाणी खरं होतं, युडिता.”

“म्हणजे?”

“म्हणजे खरं. सिनेमातलं नव्हे. तुला वाटलं ती ईस्टरलाच चित्रीकरण करू म्हणून हटून बसली ती तुझ्या धुक्यासाठी? तिला फेब्रुवारीत कळलं होतं काय झालंय ते. मला सांगितलं, तुम्हाला सांगू दिलं नाही. सिनेमा संपेपर्यंत कोणाला कळायला नको म्हणाली. मीच तिला म्हटलं, निदान पाणी तरी आणू. मी तीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली. पाण्याने काय होतं आणि काय होत नाही हे मला कोणी सांगायला नको. तरी म्हटलं.” ती थांबली. “आदल्या रात्रीपासून ती एक शब्द बोलली नव्हती. मी कोट धरून उभी होते, मनात म्हणत होते, आता काठ चढली, आता वळण आलं. आणि तिला तुझे पाय दिसले.”



“घरी परतायला होडीत बसल्यावर तिने सुरई ओढ्यात उपडी केली. म्हणाली, गेलं, बडबडं झालं. हसत होती. मी म्हटलं, चल परत जाऊ, सूर्य अजून वर आला नाहीये. तर म्हणाली, एकाच वर्षात दोनदा मागायचं नसतं.” मावशीने खांदे उडवले. “हे तुला काय सांगायचं? तुझ्या पायांमुळे म्हणून? मला माहीत आहे तसं नसतं. पण मला कधीकधी माहीत नसतं.”

अंगणातले घाव थांबले होते.

“मला वाटत होतं,” युडिता म्हणाली, “ती आपल्या भाषेत काहीतरी बोलली असेल. माझ्याशी. एकदा तरी.”

मावशीने तिच्याकडे नीट पाहिले, मघाशी अंड्याकडे पाहिले होते तसे, कुठे तडा गेलाय का हे बघावे तसे.

“तुझी आई जर्मन दोनच ठिकाणी बोलायची,” ती म्हणाली. “कचेरीत आणि तुम्हा दोघांशी. कचेरीत ती ओरडायची.”

स्वयंपाकघरात परतल्यावर कळले की मामाने भिंतीपलीकडून सगळे ऐकले होते. तो लपवत नव्हता. बटाटे गार झाले होते आणि त्याने ते पुन्हा चुलीवर चढवले होते. तोर्स्टेन दारात उभा होता, शर्टाच्या बाह्या वर सारलेल्या, डोळे लाल. त्यालाही मामाने सांगून टाकले असावे. त्याने विचारले ते फक्त इतकेच, की फेब्रुवारीत म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला की शेवटी. मावशीने सुरुवातीला म्हणून सांगितले. त्याने मान हलवली. तो तेव्हा येऊन गेला होता, आईने त्याला लोणच्याच्या काकड्यांची बरणी दिली होती, आणि काकड्या मऊ पडल्या म्हणून त्याने तक्रार केली होती.

“मग आता काय करणार?” मामाने विचारले. “जर्मन घालणार? आपल्या भाषेतल्या पहिल्या मोठ्या सिनेमाचं शेवटचं वाक्य जर्मन?”

“खरं तेच घाल,” तोर्स्टेन म्हणाला.

“किंवा माझी प्रार्थना घाल, छोटी करून. कोणी आपल्याला दोष देणार नाही.”

“काहीच घालायचं नाही,” युडिता म्हणाली. “पाण्याचा आवाज, पावलांचा आवाज. ओठ हलतील. आवाज नाही. खाली अक्षरंही नाहीत.”

“लोक विचारतील काय म्हणाली म्हणून.”

“विचारू देत.”

“म्हाताऱ्या म्हणतील लेनाने पाणी बिघडवलं.”

मावशीने मेणबत्ती पुन्हा पेटवली आणि चमचा तिच्यावर धरला. “बिघडवलंच तिने,” ती म्हणाली. “म्हणू देत.”

मामा वाद घालील असे वाटले होते. त्याने बहिणीकडे पाहिले, मग खुर्चीवरच्या टोपलीकडे. त्याने टोपलीतून एक अंडे उचलले आणि, जन्मात कधी केले नव्हते ते, एक पीस घेऊन मेणात बुडवले. त्याचे त्रिकोण वेडेवाकडे येत होते. मावशीने ते पाहिले आणि चमचा त्याच्या बाजूला सरकवून धरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे युडिताला जाग आली ती मावशीच्या हाताने. मावशी कोट चढवून पलंगाशी उभी होती, हातात तीच सुरई. तिने ओठांवर बोट ठेवले. काल कोणी असे काही ठरवले नव्हते.

दोघी होडीतून गेल्या. मावशीने बांबू मारला, लहानपणापासून मारत आल्यासारखा, पाणी न उडवता. धुके होते, पण गेल्या वर्षीइतके नाही. जिथे आई काठ चढली होती तिथे सुरई भरायला युडिता खाली उतरली. काठ निसरडा होता. तिचा एक पाय गेला, मग तोल सावरायला दुसराही टाकावा लागला, आणि ती पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभी राहिली. थंडी हाडांत चढली. तिने वर पाहिले. मावशी काठावर वाकली होती. तिचे तोंड उघडले होते. तिने ते मिटले. हात पुढे केला, युडिताला वर ओढून घेतले, आणि दोघी परत फिरल्या.

पुलाजवळ मामा उभा होता, रात्रीच्या विजारीवर कोट घालून. पाणी आणणाऱ्या बायकांना वाटेत हसवायचे, बोलते करायचे, हे इथल्या पुरुषांचे ईस्टरचे काम. होडी पुलाखालून जाताना त्याने कठड्यावरून वाकून अस्वलाचा आवाज काढला. मोठा नाही, सकाळच्या मानाने हळूच. मावशीच्या ओठांची कड हलली. तिने बांबू रुतवला आणि होडी पुढे नेली.

घरी पोचेपर्यंत दोघींपैकी कोणी एक शब्द बोलले नाही. मावशीने सुरई दोन्ही हातांनी उंबरठ्यावरून आत आणली आणि टेबलावर ठेवली. पाणी शाबूत होते. चूल पेटलेली नव्हती, तोर्स्टेन वर झोपला होता, आईच्या खोलीचे दार उघडे होते आणि पलंगावर काल नीट केलेला पलंगपोस तसाच होता. पाणी द्यावे असे घरात कोणी आजारी नव्हते.

दोघी सुरईकडे बघत उभ्या राहिल्या. आता बोलायला हरकत नव्हती.

मावशीने डोक्याचा रुमाल सोडला. युडिताच्या बुटांतून फरशीवर डबके साचत होते, त्याकडे तिने पाहिले, आणि आईच्या आवाजात, आयुष्यात पहिल्यांदाच, ती युडिताशी सोर्बीत बोलली.

“पाय भिजलेत बघ तुझे. मोजे काढ.”

“हो,” युडिता म्हणाली. खुर्चीवर बसून तिने बुटांचे बंद सोडायला घेतले, आणि मग तिच्या लक्षात आले की आपण जर्मनमध्ये उत्तर दिले.